जिथं दुकान होतं तिथून

येल्बाने फोनमध्ये तीन ॲप घालून दिली,
म्हणाली, आई, आठवडाभर वापर, मग एक ठेव.
जशी कलिंगडं. ठोकून बघायची, एक घ्यायचं.

पहिल्यात एक बाई बोलते.
माद्रिदकडची असावी, स म्हणताना जीभ दातांत धरते.
"दोनशे मीटरवर उजवीकडे वळा."
बाई गं, मानाग्वात मीटर कोण मोजतं?
आम्ही चौक मोजतो, उरलंसुरलं वारांत,
आणि दिशा चारच:
सरोवराकडे, डोंगराकडे,
वर म्हणजे उगवतीला, खाली म्हणजे मावळतीला.
मी वळले नाही तेव्हा ती रागावली नाही.
थोडी गप्प झाली, माझ्या सासूसारखी,
आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.

दुसरं रंगीत. खड्डा दाखवतं, पोलीस दाखवतं.
एकदा पाचशे कोर्दोबांचा दंड वाचवला त्यानं,
खोटं कशाला बोलू.
पण सिग्नलला थांबलं की पडद्यावर तळलेली कोंबडी येते,
दुपारी दोनला, माझ्या पोटात नुसतं पाणी असताना.
शिवाय त्याला वाटतं, टॅक्सीत एकच माणूस बसतो
आणि एकाच ठिकाणी जातो.
माझ्या गाडीत नर्स असते, दोन शाळकरी पोरं असतात,
पुढच्या सीटवर कुणीतरी मांडीवर कोंबडा घेतलेला.
त्यांच्या वाटांची मी डोक्यात वेणी घालते.
ते कुठल्या खिडकीत टाइप करू?

तिसरं मुकं.
नकाशा एकदाच उतरवून घ्यायचा,
मग रिचार्ज संपला तरी चालतं.
करड्या रेघा, एक निळा ठिपका.
आरशाला लटकणाऱ्या जपमाळेखाली
निमूट पडून असतं.

गुरुवारी एक म्हातारा चढला.
काखेत कमोडचं नवं झाकण, प्लास्टिकसकट.
म्हणाला, सान्ता मार्ताचं औषधाचं दुकान होतं तिथून
एक चौक सरोवराकडे, दोन वर, मग वीस वार.

होतं.
बाहात्तरच्या डिसेंबरात, भूकंपात गेलं.
मी चार वर्षांची होते.
त्याच्या पायरीवर आई नाकातामाल विकायची,
केळीच्या पानाची वाफ माझ्या नाकात अजून आहे,
दुकानाचा रंग मात्र आठवत नाही.

गंमत म्हणून तिघांनाही विचारलं.
बाईनं होंडुरासमधलं एक दुकान दाखवलं, साडेसात तासांवर.
रंगीतानं कोंबडी.
मुक्यानं काहीच नाही.
म्हातारा हसला, मी म्हटलं, धरून बसा,
आणि नेलं त्याला, जसं कुणीही नेलं असतं.
बहीण दारातच होती.
"पांढरं आणलंस? निळं सांगितलं होतं!"
भाडं मी मोजून घेतलं.

परतताना त्या कोपऱ्यावर थांबले.
आता तिथं टायरवाला आहे.
मुक्याच्या नकाशावर बोट दाबून धरलं.
त्यानं एक रिकामी चौकट पुढे केली: नाव लिहा.
मी लिहिलं, इथं औषधाचं दुकान होतं.
त्यानं वाद घातला नाही.
एक पिवळा तारा उमटला, टायरवाल्याच्या डोक्यावर.

एक्केचाळीस झालेत आता.
झाड होतं. सिनेमा होता. दातांचा डॉक्टर होता,
त्याच्याकडचा पोपट होता.
येल्बा विचारते, कुठलं ठेवलंस?
म्हटलं, मुकं. डेटा कमी खातं.
ती म्हणाली, फोन बदललास तर हे तारे जातील,
कुठंतरी साठवून ठेवावे लागतात, रविवारी शिकवते.
रविवारी तिला वेळ नव्हता. पुढच्याही.

म्हणून शंभर पानी वही आणली आहे.
गाडी रिकामी असली की
पडद्यावरून एकेक तारा उतरवून घेते,
स्टिअरिंगवर वही टेकून.
हिरवा कधी पडतो कळत नाही,
मागचे हॉर्न वाजवतात.
वाजवू देत. पोपटाचं नाव आठवतेय.