चाकवताची चुलतबहीण

क्विनोआ म्हणजे आपल्या चाकवताची चुलतबहीण.
पान उलटून पाहा: तीच पिठूळ पांढरी धूळ.
कोचाबांबाच्या वर, जिथे पाणी लवकर उकळतं
आणि म्हणूनच डाळ शिजत नाही,
काचघरात तिच्या बत्तीस कुंड्या होत्या.
खायला नव्हे.
आजारी पडायला वाढवलेल्या.

बासिलिया कायो बटाट्याचं पान खलात टाकायची,
क्षाराचे चार थेंब, बत्त्याचे तीन फेरे.
क्विनोआच्या पानावर कुरुंदाची राखाडी पूड भुरभुरवून
तो रस बोटाने चोळायची,
बाळाला वेखंड लावावं इतक्या हलक्या हाताने.
ओरखडा दिसता कामा नये,
पण असायला हवा.
दार किलकिलं नसेल तर पाहुणा आत शिरेल कसा?

मी तिथे तीन महिने खल धुतले.
साबणाने, पुन्हा साबणाने, मग उकळून.
"कालचा रस आजच्या पानाशी बोलता कामा नये," ती म्हणे.

नीकानोर कोल्के आला तो पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचं कापड बांधून.
आत बटाटे: गाठीगाठींचे, डोळेच डोळे असलेले.
त्या वाणाचं नाव, सुनेला रडवणारा.
(सोलायला द्यायचा, म्हणजे सून कळते.)
सोबतच्या फांदीच्या पानांवर पिवळट नकाशे.
"आजार? छे. याचा चेहराच असा.
माझ्या बापाच्या वेळीही असाच होता."

पाचव्या दिवशी क्विनोआ बोलली.
टाचणीच्या डोक्याएवढे फिकट ठिपके, मग त्यांच्याभोवती कडी.

आता चौकशी,
सोयरिकीच्या आधी करतात तशी.
कूळ कुठलं?
किती तापवला की मरतो?
पासष्ट अंशांवर दहा मिनिटं: जिवंत. सत्तरवर: गप्प.
किती पातळ केला तरी चावतो?
बाटलीत किती दिवस तग धरतो?
याला आणतं कोण, मावा की कुदळ?
मावा नाही. कुदळ, हात,
वाऱ्याने शेजारच्या झाडाचा खांदा घासला तरी पुरे.
फ्रीजमधल्या अकरा रक्तद्रव्यांपैकी
एकानेही त्याला ओळख दाखवली नाही.
शेवटी मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली,
करड्या पडद्यावर,
सुईत ओवायच्या आधी टाकून दिलेले दोरे.
त्या रात्री तिने दोनशे दोरे मोजले.
डब्यातलं जेवण तसंच.
साऱ्यांची लांबी जवळपास एक.

नवा होता. नाव हवं.
रीत अशी की जिथे सापडला ते गाव,
आणि पानाचं तो जे करतो ते.
पुकामायू पिवळा ठिपका.

नीकानोरने टोपी काढली, परत घातली.
"सरकारी नकाशात आमचं गाव नाही.
शाळा मागितली तेव्हा साहेब म्हणाले, पुकामायू कुठे आलं?
आता दाखवता येईल."
तो हसत होता का, मला नीट कळलं नाही.

वर्षभराने त्याला परत बोलावलं.
मधल्या काळात बासिलियाने कोंबाचं टोक कापलं होतं,
मोहरीहून लहान,
इतक्या घाईने वाढणारं की आजाराला तिथवर पोचायला
फुरसत झाली नव्हती.
काचेच्या नळीत ते रुजलं, मग कुंडीत.
क्विनोआवर तीन वेळा चोळून पाहिलं. ती गप्प राहिली.
आणि आता हे झाड, रुंद पानाचं,
डागाशिवाय, गर्द.

नीकानोर बराच वेळ पाहत राहिला.
"हे माझं नाही."
पान चुरगळून हुंगलं.
मग न विचारता कुंडीत हात घातला,
माती बाजूला केली:
गाठी. डोळेच डोळे.
"हं," म्हणाला.

बारा घेतले त्याने, कापडात बांधले.
दाराशी थांबून म्हणाला,
"जुनाही ठेवीन एक ओळ. ओढ्यापलीकडे.
बापाने आयुष्यभर तोच चेहरा पाहिला."

बासिलिया नको म्हणायला हवी होती.
ती आत गेली, दोन कुदळी घेऊन आली
आणि एकीच्या दांड्याला
लाल लोकर घट्ट गुंडाळत बसली.