उशिरा

वार्डोच्या स्वयंपाकघरात कॉफीच्या डब्याला टेकवलेला टॅब्लेट.
मला दिसतात फक्त रान्वेगचे हात, कोपरापर्यंत,
आणि आस्लाकचा नवा खुबा, लोकरी पायजम्यात.

"आधी गुडघा," मी त्रोम्सोहून म्हणते.
माझं म्हणणं पोचेतो
गुडघा वाकून झालेला असतो.

मग चित्र गोठतं.
तिचा तळवा त्याच्या पाठीमागे,
टेकलेला नाही, दूरही नाही,
बोटभर जागा सोडून.
हे मी शिकवलं नव्हतं.

चित्र हलतं, तेव्हा खुर्ची रिकामी.
दोघं खिडकीशी, पाठमोरे;
तो तिला कुणाची तरी परतलेली होडी दाखवतोय.

मी माइक बंद करते.
रकान्यात लिहायचं असतं: सूचना किती दिल्या.
लिहिते: एक. उशिरा पोचली.