आठवा थेंब

बाहेर उणे अडतीस.
सास्काटूनच्या या लाँड्रीत सात ड्रायर घरघरतात,
आठवा बंद पडलाय रविवारपासून.
काउंटरमागे, चार फुटी काचेत, समुद्र.
खरा इथून दोन दिवसांच्या वाटेवर.

वासिल ह्लुश्को कोपरापर्यंत हात धुतो,
नुसत्या पाण्यानं.
साबणावर पोट चालतं, आणि साबणाचीच धास्ती.
मग नळीत पाच मापं पाणी,
अल्कतेची बाटली उलटी, अंगठा थरथरता.
पण मोतीबिंदूनं निळं-पिवळं
एकाच फिक्या चहासारखं करून टाकलंय,
म्हणून तो लिगायाला बोलावतो
भागाकारावरून उठवून.

"बदललं?"
"नाही."
"आता?"
"नाही अजून."
"आता?"
"हिरवट... थांबा. पिवळं!"
आठ थेंब.
वहीत आठ. काल आठ. परवाही आठच.

"नशीब बघ," वासिल म्हणतो,
"चुना संपला, पार्सल वादळात अडकलं,
चार दिवस निवळीचा थेंब नाही,
तरी आकडा जागचा हलला नाही."

लिगाया पेन्सिल चावते.
"म्हणजे कुणी प्यायलंच नाही?"

ड्रायर फिरत राहतात.
प्रवाळाच्या फांद्या मिटलेल्या,
टोकं उजळ नाहीत, नुसती फिकी.
हाडं घडवणारी माणसं
कामावर आलीच नाहीत जणू,
आणि हा शिल्लक चुना मोजून खूश.

तिची आई नर्सिंग होमच्या चादरी ठेवून येते,
सिकिहोरच्या किनाऱ्यावर वाढलेली,
न विचारता मनगटापर्यंत हात बुडवते.
वासिल साबणाचं बोलायचं विसरतो.
"गार आहे," ती म्हणते.
"समुद्र इतका गार नसतो."

त्याचे हात बाहेरून आलेले, बधिर,
त्यांना हे पाणी कोमटच लागत होतं.
बारा बाटल्या त्या पेटीत,
आणि ऊब मोजणारी एकही नाही.
हीटरची वायर तो बोटांनी चाचपत जातो
भिंतीकडे, खाली, धुळीतून,
त्या मेलेल्या आठव्या ड्रायरच्याच प्लगपाशी.
फ्यूज काळा.

पुढच्या शुक्रवारी
पाच, सहा,
"सातव्यालाच पिवळं!" लिगाया ओरडते,
इतक्या जोरात की चादरीवाले वळून बघतात.
एक थेंब कमी.
वासिल वहीत सात लिहितो, दोनदा गिरवतो,
आणि आलेलं पार्सल दातांनी फोडून
म्हातारपणी पहिल्यांदाच घाईघाईनं
चुना कालवायला बसतो.