रद्द केलेलेही दाखव

सगळे झोपल्यावर, ऐरोलीत, सेक्टर आठला,
जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून
मी अप्पांचे दिवस मोजायला बसलो.
मोजायचे ते भांडणासाठीच.
विभा फोनवर म्हणाली होती,
तुझ्याकडे काय, पाहुण्यासारखे राहतात ते.
म्हटलं, थांब. आकडाच पाठवतो.

पुरावा होता. 'घर' नावाचं कॅलेंडर,
तिचं नि माझं सामाईक.
ठाण्याची पट्टी हिरवी, ऐरोलीची निळी.
महाप्यात बसून मी दिवसभर हेच तर करतो
दुसऱ्यांच्या मीटिंगांसाठी:
या तारखेपासून त्या तारखेपर्यंत,
शोधशब्द अमुक, क्रम सुरुवातीच्या वेळेने.
चाळीस ओळी. त्यातल्या दहा नुसत्या परवानगीच्या.

पहिल्या फेरीत तिचे दिवस शून्य.
क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.
मग दिसलं: मी 'अप्पा' लिहितो, ती 'आप्पा'.
एका कान्यावरून निम्मा बाप गहाळ.

दुसऱ्या फेरीत, गेल्या एक जानेवारीपासूनचं मागितलं
तर डिसेंबरातली तिची पट्टीही हजर.
नियम वाचला. खालची मर्यादा
सुरुवातीला लागतच नाही, शेवटाला लागते.
आधी सुरू झालेलं, पण अजून न संपलेलं,
तेही येतं.
कोडच्या वर टिपणी टाकली, पुढच्या वेळी घोळ नको,
आणि तेवढे दिवस छाटून पुढे गेलो.

शेवटची तारीख तर धरतच नाहीत.
चौदापर्यंत म्हणजे तेरा.
माझी पट्टी पंधरापासून.
मग चौदा तारीख, कळव्याच्या पुलावर अडकलेली गाडी,
मागच्या सीटवर अप्पा, मांडीवर औषधांचा डबा,
दर पाच मिनिटांनी विचारणारे, कुठे चाललोय आपण,
ती कोणाच्याच खात्यात नाही.

आकडा आला.
माझे एकशे बासष्ट. तिचे एकशे एकोणऐंशी.
चोवीस पुलावर.

साहजिकच मी चूक शोधू लागलो. कोडमधली.
कुणी काही पुसलं असेल, मी, ती, कोणीही.
एक खूण असते, न सांगता 'नाही'वरच असलेली:
रद्द केलेलेही दाखव.
ती 'हो' केली. शोधशब्द काढून टाकला.
पान आलं, पुढच्या पानाचं टोकन आलं,
त्याच्यामागे आणखी एक.

येऊर, पहाटे, पक्षी – विभा. रद्द.
गडकरी, साडेआठचा प्रयोग – विभा. रद्द.
जर्मन, दर मंगळवारी. जूनपासून सगळेच मंगळवार, एका झटक्यात.
दात – विभा. रद्द.
दात – विभा. रद्द.
दात, नक्की!! – विभा. रद्द.
प्रत्येकीखाली, त्याच तारखांवर, हिरवी पट्टी.

माझं रद्द झालेलं एकच निघालं.
गाडीचं सर्व्हिसिंग, चुकून दोनदा टाकलेलं.

पंखा फिरत होता. आतून अप्पांचं खाकरणं,
मग पाण्याच्या तांब्याचा आवाज, मग काही नाही.
शनिवारी त्यांना कोलबाडला पोचवायचं होतं.
बॅग दाराशी, तिला उघडायची सवयच राहिलेली नाही.
आणि सोमवारी, अजून जिवंत, अजून रद्द न झालेली,
एक बारीक नोंद: दात, सकाळी अकरा.

आकड्याची ओळ मी पुसली.
निळी पट्टी धरून पुढे ओढली.
मंगळवार धरायचा तर बुधवार लिहावा लागतो,
हे आता पक्कं माहीत झालेलं.
रात्रीचे दोन वाजायला दहा मिनिटं.

खाडीपलीकडे तिचा फोन वाजला असणार,
कारण लगेच मेसेज आला.
आप्पा बरे आहेत ना?
कान्यासकट.