सात मिनिटं तांबडी माती

मुलानं डिस्क पाठवली. साफ केलेली, म्हणे,
एकेका फ्रेमवरची धूळ टिपून घेतलेली.
मी दार लोटून, फोन उपडा ठेवून बसले.

तेव्हा शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या तोंडाला
इलाही मुल्लाणीची व्हिडिओ लायब्ररी होती,
सहा बाय आठ, त्यातच पंखा, त्यातच इलाही.
"ह्यो पिक्चर कोण न्हेत न्हाई. तू न्हे.
पर रात्री नवाच्या आत परत."
वीसदा तरी नेला असेन. वीसदा तेच.
नवाकोरा पिक्चर चार दिवस ठेवला
तरी हूं की चूं करायचा नाही.

पिक्चरमध्ये एक शहर. आभाळ पालिकेनं रंगवलेलं,
पोपडे पडले की शिडी लावून सूर्य दुरुस्त करतात.
तिथं झोपेवर कर.
एक कारकून लोकांच्या झोपा बरण्यांत भरून
तोळामासा तोलतो, चिठ्ठी डकवतो.
त्याला स्वतःला झोप नाही.
मी नुकतीच नगर भूमापनात लागलेले,
मिळकत पत्रिकांवर शिक्के मारून अंगठा जांभळा.
त्याच्यासमोर बसायची, ताटात भाकरी वाळायची.
सबटायटल अर्धी पडद्याबाहेर.
भाषा कुठली, तेही कळलं नाही कधी.

शेवटाला तो पळतो.
कपाटांचा बोळ, कपाटात कपाट,
मागनं टाचांचा आवाज,
एक दार. तो कडी काढतो
आणि तांबडी माती!
हलगी, घुमकं, लंगोटातले दोन पैलवान,
एकाच्या कानाला पट्टी,
कडेला फेट्यांची दाटी, कोणतरी बोंबलतंय,
"आवळ की! आवळ!"
सात मिनिटं.
पट्टीवाला उताणा पडतो.
मग पडदाभर मुंग्या, आणि नावं.

मला वाटायचं, काय डोकं या माणसाचं!
तिकडं सातासमुद्रापार बसून
त्याला कळलं कसं,
की असल्या शहरातनं सुटलेला माणूस
खासबागेतच येऊन पडणार?
ऑफिसात सांगितलं तर इंगवलेबाई म्हणाल्या,
"डोळे तपासून घे."

काल डिस्कवर तो पळाला.
चित्र इतकं लख्ख, की बिजागऱ्या मोजाव्यात.
दार. कडी.
मी खुर्चीच्या टोकाला.
पलीकडं त्याचंच टेबल.
बरणी, बरणीवर त्याचंच नाव.
तो बसतो. तोलतो.
सात मिनिटं नुसता तोलतो,
काटा हलत नाही.
संपलं.

मी तशीच बसून राहिले. राग आला,
कुणावर ते ठरेना.

इलाहीचा नंबर मिळवला. कदमवाडीत असतो आता.
एकोणीसच्या पुरात माळ्यावरच्या सगळ्या कॅसेटी गेल्या,
त्याच्यासकट दुकानाची आशाही.
मी विचारलं. पलीकडं बराच वेळ नुसता श्वास.
"ती व्हय. आमच्या दिलावरची कुस्ती.
केबलवर दावली, हाताशी तेवढीच कॅसेट घावली.
हरला त्या दिवशी.
फुडच्या दिवाळीला गेला, शिये फाट्याला, ट्रकखाली.
दुसरं कुठं हालताना दिसत न्हाई त्यो."
मग म्हणाला, "शेवटची तूच न्हेलीस नव्हं?"

मीच.
बदली झाली, सामान हललं, राहून गेली.
"मग मागितली का नाहीस रे?"
"हरल्याली कुस्ती कोण मागतंय?"

ट्रंकेच्या तळाशी सापडली.
डांबरगोळ्यांचा वास, कडेला पांढरी बुरशी.
खिडकीतनं बघितलं तर फीत सगळी एकीकडं.
रिवाइंड न करताच ठेवली होती मी.
दिलावर एवढी वर्षं उताणाच.

घरात यंत्र नाही, उलटं फिरवायला काही नाही.
आठ वाजून दहा झालेत.
रिक्षा मिळाली तर नवाच्या आत पोचेन.
रिवाइंड न केल्याचा दंड दोन रुपये,
पाटीवर खडूनं लिहिलेला असायचा.
पर्समध्ये नाणं शोधते आहे.