नाव ठेवायचं राहिलेलं

हेमी, तुला दिलेली गाणी काल रात्री मोजली.
दोनशे एकोणचाळीस.
काही कॅसेटवर, काही घरी भरलेल्या सीडींवर,
बरीचशी नुसती नावंच,
फिश अँड चिप्सच्या पावतीमागे पेन्सिलीनं लिहून
तुझ्या ट्रकच्या वायपरखाली खोचलेली.
त्यातली निम्मी तुझ्याआधी पावसानं वाचली.

तुझा अभिप्राय ठरलेला.
गायकाला सर्दी झालीय.
ड्रम आहे की फळीवरून पडलेली भांडी?
बरं आहे, पण संपत का नाही?
एकाही गाण्याला नावं ठेवायचं तू सोडलं नाहीस
आणि दर शुक्रवारी साडेसहाला दारात हजर,
आज कुठला गोंधळ ऐकायला नेतेस?

पोर्ट चामर्सच्या धक्क्यावर ओंडक्यांचे डोंगर,
तुझ्या स्वेटरला पाइनच्या चिकाचा वास,
माझ्या गाडीचा हीटर एकाच बाजूनं चालायचा
आणि ती बाजू तुझी.
तुझा उजवा कान माझ्याकडे.
डावा करवतीनं केव्हाच खाल्लेला.

तो जुलै आठवतो?
काचांवर हिमाची साय, दक्षिणेचा वारा,
बोलिंग क्लबचा हॉल,
भिंतीवर कुठल्याशा वर्षीचे विजेते, सगळे पांढऱ्या टोपीत.
ज्यांच्यासाठी आलो ते वेट मॅचेस
व्हॅनसकट ओमारूच्या अलीकडे अडकलेले.
‘ओल्या काड्या, पेटणार कशा,’ म्हणालास
आणि भोपळ्याच्या सुपाचा दुसरा कप घेतलास.
आपण धरून नऊ माणसं.
त्यातला एक गिटारवालीचा बाप,
तिचा कोट हातावर घेऊन उभा,
शाळेच्या फाटकाशी उभं राहावं तसा.

मग ती तिघं चढली. चढली कसली,
स्टेज नव्हतंच, गालिचा संपत होता तिथं उभी राहिली.
अँप गुणगुणत होता, त्याला कुणी गप्प करेना.
बेसचा एकच सूर,
आत येऊ की नको विचारत दारात घुटमळणारा,
आणि ती पोरगी खाली बघत गायला लागली, काय,
तर बसचे स्टॉप.
रेव्हन्सबर्न. सेंट लिओनर्ड्स. रोझनीथ.
माझा मार्ग, हेमी!
अकरा वर्षं मी जो तोंडानं नुसता पुटपुटते
तो कुणीतरी असा सावकाश,
दुखऱ्या दातावरून जीभ फिरवावी तसा म्हणत होतं.

तुला सांगायला वळले
तर तू खाली वाकलेला.
नाड्या सोडत होतास.
बूट काढून भिंतीशी नीट लावलेस, जोडीनं,
आणि भोकाच्या मोज्यांत त्या लाकडी जमिनीवर उभा राहिलास,
डोळे मिटून.
कानानं जे सोडून दिलं होतं
ते तुझे तळवे गोळा करत होते.

त्या रात्री नावं ठेवली नाहीस.
उलट तूच गेलास, मोज्यांतच, विचारायला,
गाण्याचं नाव काय?
ती लाजली. म्हणाली, अजून ठेवलं नाही.
विकायला रेकॉर्ड नव्हती, कॅसेट नव्हती,
उघड्या सुटकेसमध्ये लोकरीच्या चार टोप्या.
हिरवी तू घेतलीस. तुला ती होत नाही.

ऑगस्टमध्ये बँड मोडला.
बेसवाला मेलबर्नला, ड्रमवाल्याचं माहीत नाही,
ती पोरगी एकदा माझ्या बसमध्ये चढली होती,
हातात भाज्यांची पिशवी,
आणि मी, इतकी बडबडी मी,
सुटे पैसे परत देऊन गप्प बसले.

म्हणून यादीत आता दोनशे चाळिसावं तुझं.
तू मला दिलेलं पहिलंच.
कुठं शोधू नकोस, नाहीये ते कुठं.
तुझ्या उजव्या कानात नि माझ्या घशात आहे थोडंफार,
तेही जुळत नाही,
दर शुक्रवारी त्यावरून भांडण.
रोझनीथनंतर सूर चढतो म्हणतोस.
नाही चढत, हेमी.
रोज बस नेते मी तिथून.
तिथं उतार आहे.