काय खाता, किती ऊन सोसतं

रबाळे एमआयडीसी, दुसरा मजला, रात्रपाळी.
मढवीबाई म्हणाल्या, नाव शेवटी विचारायचं.
आधी दोनच प्रश्न, घरी पाहुणा आला की विचारतो तसे:
काय खाता?
किती ऊन सोसतं?

मी वहीत रेघ मारली.

फ्रिजमध्ये चार अंशांवर
एक शीतप्रिय बसलाय, आठवडा लावून
टिंबाएवढा वाढतोय.
त्याला घाई नाही, आणि आपण समजतो
थंड म्हणजे सुरक्षित.

इन्क्युबेटरच्या पोटात सदतीस.
तिथे आपल्याच आतड्यातली मंडळी,
एका रात्रीत ताटली भरून मोकळी.

आणि गणेशपुरीच्या कुंडातून
थर्मासमध्ये बसून आलेले,
पंचावन्नला कुठे आळस झटकतात.
सदतीसला ठेवले तर गारठून गप्प.
"त्यांना आपण म्हणजे हिवाळा,"
बाई म्हणाल्या, आणि हातमोजे बदलले.

मग भुकेचा रकाना.
उन्हावर जगणारे.
मेलेल्यावर जगणारे.
जिवंतावर जगणारे – ह्यांची नावं तेवढी लोकांना पाठ,
कारण ताप आपल्याला येतो.
आणि ज्यांना ऊनही नको, कुणाची भाकरही नको,
जे अंधारात गंधक चघळून
स्वतःची भाकर स्वतः थापतात.

हे शेवटचे मला ओळखीचे निघाले.

ऐरोलीच्या जेट्टीखाली, ओहोटीला,
काळ्या चिखलातून जो वास उठतो
आणि पुलावरच्या गाड्या काचा वर करतात,
त्याला पदाजीमामा म्हणायचा,
"वास नाय गो यो. खारी जेवते."
मामा चौथीत शाळा सोडलेला.
आज बाईंनी फळ्यावर काढून दाखवलं:
कुणी सडलेलं खाऊन तो वास सोडतं,
कुणी तोच वास खाऊन जगतं.

मी मामाचाच डबा नेऊन चिखल आणला.
बारा ताटल्या पसरल्या,
चार, वीस, सदतीस, पंचावन्न,
प्रत्येकीला तीन.
भिंगाखाली थेंबभर चिखलात
नुसती जत्रा.
ताटल्यांवर, पाच दिवसांनी,
सगळे मिळून एकोणीस ठिपके.

बाकीचे कुठे गेले, बाई?

बाई खिडकीपाशी चहा ओतत होत्या.
"कुठे जातील? आहेत तिथेच.
आपल्याला त्यांचा स्वयंपाक येत नाही अजून."

अहवालात चौकट एकच असते: वाढ आहे, वाढ नाही.
मी "नाही"वर खूण केली.
मग खोडून बाजूला बारीक अक्षरात लिहिलं,
जेवले नाहीत.
बाईंनी वाचलं, सही केली नाही,
कोरा फॉर्म पुढे सरकवला.

पहाटे चारला भूक लागली.
डब्यात संध्याकाळची मांदेली,
खोलीचं तापमान एकोणतीस, तास नऊ.
झाकण उघडलं, हुंगलं,
आणि परत लावलं.

कुणीतरी माझ्याआधी पंगतीला बसलं होतं.